करुणाच्या नावाचं कोर्ट

बारामतीत एसटी स्टँडसमोर करुणा लोंढेचा पहिला फ्लेक्स लागला, तेव्हा त्यावर ‘राष्ट्रीय कबड्डीपटू’ असं छापलं होतं. फोटोत तिच्या हातात बास्केटबॉल होता, तरीही. छापणाऱ्यानं फोटो बघितला होता, बांधणाऱ्यानं बघितला होता, आणि खाली गॉगल लावून ओळीनं उभे असलेल्या सतरा शुभेच्छुकांनीही स्वतःचं थोबाड शोधताना केव्हातरी वर बघितलंच असेल. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. करुणानं फोन करून चूक सांगितली, तर पलीकडचा म्हणाला, “जाऊ द्या की ताई. खेळ सगळे सारखेच. फोटो भारी आलाय का न्हाय?”

त्या दिवशी करुणाचा जो पारा चढला तो पुढं दोन वर्षं काही उतरला नाही. आणि खरं सांगायचं तर उतरावा असं कुणी काही केलंही नाही.

तिची वाडी अंथुर्ण्याच्या अलीकडं, इंदापूर रस्त्यावरच्या फाट्यावरनं आत. बाप गंगाराम गवंडी. वाडीतल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या, पण त्या घरांत तो चहाला आत बसला असेल असं एखादंच घर. आई केसरबाई लोकांच्या उसात खुरपायला जायची. करुणा आठवीत असतानाच पाच फूट नऊ इंच झाली आणि वाडीतल्या पोरांना आयता धंदा मिळाला. ती दिसली की एकानं ओरडायचं, “टावर आला रं,” दुसऱ्यानं फोन काढून विचारायचं, “रेंज येती का?” केसरबाईला वेगळीच चिंता. एवढ्या उंचीचा नवरा आणायचा कुठनं?

तालुक्याच्या शालेय स्पर्धांत करुणा धावण्यात तिसरी आली. पहिलीला आणि दुसरीला सोडून कौसल्या मॅडम थेट तिच्याकडं आल्या. बारामतीतल्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी करुणाचा हात धरून बोटं पसरून बघितली, पंजा मोजला आणि तिसऱ्याच दिवशी वाडीवर येऊन गंगारामपुढं बसल्या. पोरीला बास्केटबॉल शिकवते म्हणाल्या. गंगारामनं तो खेळ काय असतो हे विचारलंच नाही. त्यानं एवढंच विचारलं, “तितं हिला कोन हिणवणार न्हाय ना?”

“उंचीवरनं तरी नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग घेऊन जावा.”

सहा वर्षं पोरगी पहाटेच्या एसटीनं बारामतीला गेली. पहिल्यांदा हाफ पँटवर फाट्यापर्यंत पळत गेली तेव्हा पारावर बसलेल्या बापूसाहेबांनी संध्याकाळी गंगारामला बोलावून घेतलं होतं. वाडीत बापूसाहेबांचा शब्द शेवटचा. “गंग्या, पोरीला आवर. गाव हाय हे,” असं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. गंगाराम मान खाली घालून व्हय व्हय करत परत आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः पोरीला फाट्यावर सोडून आला. बापूसाहेबांपुढं बोलायची त्याची छाती नव्हती, पण ऐकायची तयारीही नव्हती.

पुढं जिल्हा, राज्य, रेल्वेच्या संघातून खेळणं आणि नोकरी. तेविसाव्या वर्षी गुडघा गेला. कुठल्याशा गावच्या निमंत्रित स्पर्धेत आयोजकांनी शाळेच्या शहाबादी फरशीवरच चुन्यानं रेघा मारून कोर्ट केलं होतं. करुणा उडी मारून खाली आली, बुटाचं टोक फरशीच्या सांध्यात अडकलं, पाय जागेवर राहिला आणि बाकीचं शरीर वळलं. आतलं लिगामेंट तुटल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानानं ऐकला. पुण्यात ऑपरेशन, मग अकरा महिने घरात. भेटायला कौसल्या मॅडम आणि संघातल्या दोन मुली, बाकी कुणी नाही. वाडीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की टावर पडला.

ती परत उभी राहिली, ते मात्र निव्वळ रागाच्या जोरावर. हे ती स्वतःच सांगायची.

मग दोन वर्षांपूर्वी मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि बंगळूरच्या संघानं करुणाला घेतलं. पहिल्याच मोसमात एका सामन्यात शेवटचे दोन सेकंद उरलेले असताना तिनं जवळजवळ मध्यरेषेवरनं चेंडू टाकला. तो थेट रिंगेत गेला. सगळा संघ तिच्या अंगावर पडला, पण करुणा हसली नाही. मघाशी तिला ढकललं होतं आणि पंचानं फाउल दिला नव्हता, म्हणून ती त्या पंचाकडं डोळे वटारून बघत राहिली. तेवढं बघणंच कुणीतरी कापून, मागं ढोल टाकून इंटरनेटवर सोडलं. चार दिवसांत पंधरा लाख लोकांनी ते बघितलं. बास्केट दिसत नव्हती, चेंडू दिसत नव्हता, नुसता वटारलेला डोळा. त्या एका डोळ्यानं करुणा लोंढे फेमस झाली.

पंधरा वर्षं घाम गाळला, गुडघा शिवून घेतला, त्याला किंमत शून्य. डोळा वटारला त्याला फ्लेक्स. मग सुरू झाली उद्घाटनं. बारामतीत साड्यांचं दुकान, इंदापुरात दातांचा दवाखाना, ट्रॅक्टरची शोरूम. भिगवणच्या मासळीच्या हॉटेलवाल्यानं तिचा फोटो चिलापीच्या दरपत्रकाशेजारी टांगला. कुठंही गेली की लोक आधी शेजारी उभं राहून उंची मापायचे आणि मग म्हणायचे, “ताई, जरा रागानं बघा ना. त्या व्हिडिओसारखं.” तिला खरोखरच राग यायचा, मग फोटो झकास यायचा आणि माणूस खूश होऊन जायचा. आता सांगा, रागावलेल्या माणसानं राग दाखवायचा तरी कुठं?

वाडीनंही सत्कार ठरवला. सरपंच विजयसिंह, बापूसाहेबांचाच मुलगा, स्वतः घरी आला. हाच एके काळी रेंज येते का म्हणून विचारायचा. करुणानं त्याला दारातच सांगितलं, “शाल नको, फेटा नको. वाडीत अकरा पोरी खेळत्यात, शाळंमागच्या मुरमावर. त्यांना कोर्ट करून द्या. साधं काँक्रीट, वरनं घोटून गुळगुळीत. दोन रिंगा. बास.” तिनं वहीच्या पानावर मापं काढून दिली. विजयसिंहनं ते पान खिशात घातलं आणि बोलला तसा वागलाही. निधी आणला, फाट्यालगतची जागा दिली, कोर्टाला करुणाचं नाव द्यायचा ठराव केला.

गंगारामला त्या ठरावानं काय झालं ते तिला फोनवर कळत होतं. वाडीत आजवर लोंढ्यांचं नाव फक्त मजुरांच्या हजेरीत लागलेलं. आता ते मुख्य रस्त्यावर लागणार होतं, येणारी-जाणारी प्रत्येक एसटी ते वाचणार होती. बापूसाहेब त्याला ‘गंगारामराव’ म्हणायला लागले होते. पारावर बसायला सरकून जागा द्यायचे. साठीचा माणूस, पण फोनवर हे सांगताना त्याचा आवाज शाळकरी पोरासारखा व्हायचा. करुणा मोसमासाठी चार महिने बाहेर होती. कोर्टाचं काम कुठवर आलं म्हणून विचारलं की तो म्हणायचा, “ये तू. आल्यावर बघ. मी काय सांगणार न्हाय.”

विजयसिंहला विचारलं तर तो म्हणायचा, “एकदम एक नंबर काम, ताई. पुण्यात नसंल असलं.”

मोसम संपवून ती सकाळी भिगवण स्टेशनवर उतरली, तर बाहेर उघडी जीप तयार. वाडीच्या फाट्यावर जेसीबी उभे. त्यांच्या तोंडातनं तिच्या अंगावर झेंडूच्या पाकळ्यांचे ढीग पडले, अर्ध्या तिच्या तोंडात गेल्या. हलगी, फटाके, फेटा. नको म्हणून सांगितलेली शालसुद्धा. कोर्टावर हिरवं मॅटिंग अंथरलं होतं आणि चारी बाजूंनी मांडव. दोन हजार माणूस असेल. पुढच्या खुर्च्यांवर बापूसाहेब आणि त्यांच्या शेजारी, आयुष्यात पहिल्यांदाच, पांढराशुभ्र सदरा घालून गंगाराम. अकरा पोरी नव्या टी-शर्टात कडेला उभ्या. टी-शर्टवर करुणाचा वटारलेला डोळा.

करुणानं फीत कापली. चार पोरांनी मॅटिंग ओढलं.

खाली पेव्हिंग ब्लॉक होते.

लाल आणि पिवळे, नागमोडी कडांचे, एकात एक गुंतवलेले. सबंध कोर्टभर. आणि मधोमध काळ्या ब्लॉकांत हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं, ‘करुणा’. काम नजर लागावं असं होतं. एक ब्लॉक वर नाही, एक खाली नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं चेंडू घेतला आणि एक टप्पा मारला. चेंडू ब्लॉकच्या सांध्यावर पडला आणि तिरका उडाला. दुसरा टप्पा दुसरीकडं. तिसरा सरळ जाऊन बापूसाहेबांच्या पायावर आदळला. लोक हसले. अकरातल्या एका पोरीला हुरूप आला, ती चेंडू आणायला पळाली आणि वळताना तिचा बूट सांध्यात अडकून ती हातांवर पडली. उठली, खरचटलेले तळवे झटकले आणि करुणाकडं बघून हसली.

करुणा हसली नाही. तिनं निवेदकाच्या हातातला माईक ओढून घेतला.

“हे कुणी केलं?” सुरुवात तिनं पुस्तकी भाषेत केली. “मी काँक्रीट सांगितलं होतं. मापासकट लिहून दिलं होतं. माझा गुडघा असल्याच सांध्यात गेला, हे या गावात कुणाला माहीत नाही?”

मांडवात एकदम फोन वर झाले. मागनं कुणीतरी शिट्टी मारली. “आला, आला, राग आला!” लोक टाळ्या पिटायला लागले. त्यांना वाटलं, ताई व्हिडिओतलं करून दाखवतेय. त्या टाळ्यांनी करुणाचं उरलंसुरलं भान गेलं आणि पुस्तकी भाषाही गेली.

“गप बसा!” ती ओरडली. “तमाशा लावलाय का हितं? ह्या पोरी हितं पळणार, पाय मोडून घेणार, आन तुमी टाळ्या वाजवा. अंगण हाय का बंगल्याचं? ब्लॉक बसवायचं डोकं कुणाचं? कुठल्या अडाण्याच्या डोस्क्यातनं निघालं हे?”

आता मात्र टाळ्या थांबल्या. कुणी हसलंही नाही. पुढच्या चार-पाच रांगांतली माणसं, मुद्दाम नव्हे पण बघितल्याशिवाय राहवलं नाही म्हणून, एकाच खुर्चीकडं वळली. गंगाराम मांडीवर दोन्ही हात ठेवून सरळ बसला होता. बायकांच्या बाजूनं केसरबाईचा आवाज आला, “करुणा, अगं तुझ्या आबानं बसवलेत ते.”

विजयसिंह तिच्याजवळ सरकून हळू बोलला, पण माईक तिच्या हातात चालूच होता आणि सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. “आमी काँक्रीटच करणार हुतो ताई. तुमचं पान अजून खिशात हाय. पर गंगाराम आबा म्हनले, काँक्रीट काय, गोठ्यातबी असतंय. माझ्या पोरीच्या नावाचं हाय तर कारखान्याच्या हाफिसापुढं असतंय तसलं करा. एक रुपाया मजुरी घेतली न्हाय त्यांनी. दोन महिने एकट्यानं बसवलंय. आता तुमच्या वडिलांनाच न्हाय कसं म्हनायचं?”

गंगारामनं आयुष्यभर लोकांच्या अंगणात ब्लॉक बसवले होते. बंगल्यापुढं, पतसंस्थेपुढं, साहेबांच्या गाड्या लागतात तिथं. त्याच्या स्वतःच्या दारात शेणानं सारवलेली माती होती. गुळगुळीत काँक्रीट गरिबाचं आणि रंगीत ब्लॉक मोठ्या माणसांचे, हे त्याच्या हातांना पाठ झालेलं. पोरीला मोठं करायचं तर खाली ब्लॉकच हवेत, यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

करुणाला हे सगळं एका क्षणात कळलं. कळल्यानं राग कमी होतो असं म्हणतात ते साफ खोटं आहे. तिचा राग दुप्पट झाला. बापावर आला, स्वतःच्या तोंडून निघालेल्या ‘अडाणी’ या शब्दावर आला, आणि सगळ्यात जास्त आला तो या खुर्च्यांवर. ठेकेदाराला माहीत होतं. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांना माहीत होतं. विजयसिंहच्या खिशात पान होतं. पंधरा वर्षांपूर्वी हाच गंगाराम काही बोलला असता तर ‘गंग्या, गप काम कर’ म्हणून त्याला हाकलला असता, आणि तेव्हा तो बरोबर बोलला असता तरी हाकलला असता. आता तो फेमस पोरीचा बाप. म्हणून जिथं त्याचं ऐकायचं नव्हतं नेमकं तिथं ऐकलं. इतक्या वर्षांत गावानं त्याच्या एका शब्दाला मान दिला, आणि तो शब्द चुकीचा होता, हे त्याला सांगायची वेळ आणली ती तिच्यावर.

तिनं माईक बंद करून विजयसिंहच्या हातात दिला. फेटा काढला. गंगारामपुढं जाऊन उभी राहिली.

“आबा, हे उकरायला पायजे.”

गंगारामनं वर बघितलं नाही. “लोकं जाऊ दे. मग बोलू.”

“लोकं गेली की पोरी खेळत्यात. उकरायचं तर आत्ताच.”

“वर रबराचं कायतरी अंथरत्यात म्हनं.”

“खाली सांधा हाय तो हायच. अंथरलेलं पावसाळ्यात कुजल, आबा.”

गंगारामची नजर मधल्या काळ्या अक्षरांवर गेली. मग शेजारच्या बापूसाहेबांनाही ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाला, “मधलं तरी राहू दे. नावाचं तेवढं.”

यावर व्हय म्हणावं असं करुणाला फार वाटलं. मधलं तेवढं राहिलं तर काय बिघडतं, असं म्हणणारे मांडवात दोन हजार होते. “मधनंच पळत्यात पोरी,” ती म्हणाली.

“मग तू उकर,” गंगाराम म्हणाला आणि आता त्याचाही आवाज चढला. “मी बसवलंय. माझ्या हातनं मी उकरणार न्हाय. बापाला अडानी म्हनलीस ना गावापुढं? कर तुझ्या मनासारखं.”

बापूसाहेब घसा खाकरून म्हणाले, “गंगारामराव, पोरगी रागात हाय. करुणा, असू दे आता. गाव बघतंय.”

“बघू दे,” करुणा म्हणाली. “गावाला बघायचंच असतंय.”

मांडववाल्यांची पहार खांबाशेजारी पडली होती. तिनं ती उचलली आणि थेट मधोमध गेली. अकरा पोरी जागच्या जागी थिजल्या. विजयसिंह निवेदकाला खुणेनं काहीतरी सांगत होता, निवेदकानं गडबडीत अल्पोपाहाराची घोषणा केली, पण उठलं कुणीच नाही. पुन्हा शेकडो फोन वर झाले. करुणानं ‘क’च्या कडेला पहारीचं टोक लावलं आणि सगळा जोर घातला. पहार घसरली. पुन्हा लावली. ब्लॉक केसभरही हलला नाही. गंगारामनं खाली खडीची बारीक कच अशी काही ठोकून बसवली होती, आणि सांध्यांत बारीक वाळू अशी काही भरली होती, की सहा फुटाची, रोज व्यायाम करणारी बाई घामानं थबथबली तरी एक ब्लॉक निघेना. मागं कुणीतरी फिस्कन हसलं. तिचा ऑपरेशनचा गुडघा दुखायला लागला, तळहाताला फोड आला. ती रागानं ब्लॉकच्या डोक्यावरच घाव घालायला लागली. एक कपचा उडाला, दुसरा उडाला, रंग निघाला, ब्लॉक तिथंच.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गंगाराम उठला होता. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर न सारता, कुणाकडं न बघता तो कोर्टाच्या मधोमध आला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. पहारीला त्यानं हात लावला नाही. बोटानं सांध्यातली वाळू चाचपली, उडालेला कपचा उचलून बाजूला ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलला तो कामावरच्या पोराला झापतात तसा.

“तसा न्हाय निघायचा त्यो. फुटतोय नुसता. कोपऱ्यातनं घाल.”